ध्वनींची भेदक व अतिरिक्त लक्षणे आणि श्रुतलेखनातील चुका

इयत्ता तिसरीच्या वर्गात श्रुतलेखन चालू आहे, असे समजू. शिक्षकांनी सावकाश वाक्य सांगितले : 'गरिबाच्या घरी पाणी व एक फूल होते.' एका मुलाने लिहिले, 'गरीबाच्या घरी पाणी व एक फुल होते.' दुसऱ्याने 'पाणी'ऐवजी 'पानी' लिहिले. तिसऱ्याने 'घरी'ऐवजी 'गरी' लिहिले. तिन्ही पाट्यांवर चुकांखाली रेघा पडल्या. पहिल्याच्या चुका दोन, म्हणून त्याला सर्वांत कमी गुण मिळाले. उरलेल्या दोघांची चूक एकेकच, म्हणून ते त्याच्यापेक्षा बरे ठरले. तिघांनाही एकच उपदेश झाला : 'नीट ऐका आणि ऐकता तसे लिहा.'

हा उपदेश तिसऱ्या मुलाच्या उपयोगी पडेल. दुसऱ्याला तो थोड्या साहाय्यानंतर उपयोगी पडेल. पहिल्याला मात्र त्याचा काहीही उपयोग होणार नाही. उलट, पुष्कळदा ऐकूनही चूक सुटत नाही असे पाहून तो शुद्धलेखनाचा कंटाळा करू लागेल. तिन्ही चुका कागदावर सारख्या दिसत असल्या तरी त्यांचे मूळ एक नाही. हे मूळ ओळखण्यासाठी भाषाशास्त्रातील एक साधी विचारसरणी प्राथमिक शिक्षकास फार उपयोगी पडते. ती म्हणजे ध्वनीच्या भेदक आणि अतिरिक्त लक्षणांची.

भेदक लक्षण म्हणजे काय?

कोणताही ध्वनी अखंड वस्तू नसून तो काही लक्षणांचा समुच्चय असतो. 'भ' उच्चारताना ओठ मिटतात, कंठातील तंतू कंप पावतात आणि श्वासाचा जोराचा झोत बाहेर पडतो. म्हणजे 'भ' हा ओष्ठ्य, घोष आणि महाप्राण असा ध्वनी होय. यांतील एक लक्षण बदलले की दुसरा ध्वनी होतो. महाप्राणत्व काढले तर 'ब', घोष काढला तर 'फ', दोन्ही काढली तर 'प'. ओठ तसेच मिटून हवा नाकावाटे सोडली तर 'म'.

आता पुढील पाच शब्द पाहावेत : पार, फार, बार, भार, मार. पिंपळाचा पार वेगळा, बंदुकीचा बार वेगळा, डोक्यावरचा भार वेगळा. शब्दांतील बाकी सर्व भाग तोच असताना केवळ एका लक्षणाच्या फरकाने अर्थ बदलतो. ज्या लक्षणामुळे असा अर्थभेद होतो ते त्या भाषेतील भेदक लक्षण होय. मराठीत महाप्राणत्व भेदक आहे, म्हणून 'घर' आणि 'गर', 'धार' आणि 'दार', 'ठोक' आणि 'टोक' हे निराळे शब्द. घोष भेदक आहे, म्हणून 'काय' आणि 'गाय', 'ताट' आणि 'दाट' निराळे. जिभेचे टोक दातांना लागते की मागे वळून टाळूला लागते हा फरकही भेदक आहे, म्हणून 'वात' आणि 'वाट', 'मन' आणि 'मण' निराळे. 'काल' आणि 'काळ', 'माल' आणि 'माळ' यांतही जिभेच्या स्थानावरच अर्थ अवलंबून असतो.

आपल्या वर्णमालेची मांडणी या लक्षणांवरच उभी आहे. क-वर्गापासून प-वर्गापर्यंतचे पंचवीस वर्ण पाच ओळींत लिहिले, तर आडवी ओळ उच्चाराचे स्थान सांगते आणि उभा रकाना उच्चाराची रीत सांगतो. दुसऱ्या व चौथ्या रकान्यातील सर्व वर्ण महाप्राण, तिसऱ्यापासून पुढचे सर्व घोष. मुले रोज सुरावर म्हणतात ती वर्णमाला म्हणजे ध्वनिलक्षणांचा एक सुव्यवस्थित तक्ता होय.

अतिरिक्त लक्षण म्हणजे काय?

याच तक्त्यात एक गोष्ट लक्षात येते. 'म' हा घोष ध्वनी आहे. परंतु अघोष 'म' मराठीत नाही. म्हणून 'म'चा घोषपणा कोणत्याही दोन शब्दांत भेद करीत नाही. तो उच्चारात असतो, कानावर पडतो, पण त्यावर अर्थाचा भार नसतो. ध्वनी अनुनासिक आहे एवढे कळले की तो घोष असणार हे आपोआप कळते. अशा रीतीने दुसऱ्या लक्षणावरून किंवा शब्दातील स्थानावरून जे लक्षण आधीच निश्चित होते, त्यास अतिरिक्त लक्षण म्हणतात.

अतिरिक्त लक्षणाचे सर्वांत परिचित उदाहरण प्रत्येक शिक्षक रोज फळ्यावर लिहितो. ते म्हणजे अनुस्वाराचा बिंदू. गंगा, पंच, कंटक, संत, कंप या पाच शब्दांतील अनुनासिक ध्वनी एक नाहीत. 'गंगा'त जीभ मागे टेकते, 'संत'मध्ये दातांना लागते, 'कंप'मध्ये ओठ मिटतात. असे असून पाचही ठिकाणी एकच बिंदू पुरतो, आणि वाचताना कोणाचीही गफलत होत नाही. कारण पुढील व्यंजन ज्या स्थानाचे, त्याच स्थानाचे अनुनासिक तेथे येणार हे ठरलेले आहे. जे ठरलेलेच आहे ते लिहून दाखविण्याची गरज नाही.

येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्यावी. 'न' आणि 'ण' यांतील फरक 'मन' व 'मण' या शब्दांत अर्थभेद करतो. 'संत' व 'कंटक' या शब्दांत तोच फरक अतिरिक्त ठरतो. म्हणजे एखादे लक्षण भेदक की अतिरिक्त हे केवळ ध्वनीवरून ठरत नाही, तर त्या भाषेत तो ध्वनी कोठे आला आहे यावरूनही ठरते.

'च' व 'ज' या वर्णांचे दोन उच्चार हे याचेच दुसरे उदाहरण होय. चारची संख्या सांगताना 'च' तालव्य असतो. 'गाईला गवत चार' म्हणताना तो दंत्याकडे झुकतो. 'जरा थांब' यातील 'ज' आणि वार्धक्य या अर्थाच्या 'जरा' शब्दातील 'ज' हेही निराळे. येथे फरक भेदक आहे, पण लिपीत त्याला वेगळी खूण नाही. उलट 'माझा' म्हणताना 'झ' दंत्याकडे जातो आणि 'माझी' म्हणताना तालव्य होतो; तेथे अर्थभेद त्या फरकावर नाही, पुढे 'ई' आली म्हणून तो आपोआप घडला आहे. ज्याची मातृभाषा मराठी आहे असे मूल शाळेत येण्यापूर्वीच हे दोन्ही प्रकार बिनचूक बोलते. मात्र हा फरक आपण करतो, हे त्याला कोणी सांगेपर्यंत ठाऊक नसते. जीभ नियम पाळते आणि मनाला त्याची वार्ता नसते, हा अतिरिक्त लक्षणांचा स्वभावच आहे.

ह्रस्व-दीर्घाचे कोडे

या स्वभावाच्या आधारे पहिल्या मुलाची पाटी पुन्हा पाहावी. त्याने 'फूल'ऐवजी 'फुल' लिहिले. त्यालाच तो शब्द मोठ्याने म्हणावयास सांगितले तर तो 'ऊ' चांगला लांब उच्चारील. 'फुले' म्हणताना तोच स्वर आखूड करील. म्हणजे उच्चार शुद्ध आहे, लेखन मात्र चुकले. असे का व्हावे?

याचे कारण असे की, मराठी शब्दांत इकार-उकारांची लांबी बहुधा स्थानावरून ठरते. शब्दाच्या अंती आलेले इकार-उकार दीर्घ असतात : पाटी, विळी, पिसू. अंती अकारान्त अक्षर असेल तर त्याच्या आधीचे इकार-उकार दीर्घ असतात : फूल, वीट, सून, गरीब, वकील. शब्दाचे शेवटचे अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या आधीचे इकार-उकार ह्रस्व असतात : किडा, महिना, गरिबी, वकिली. म्हणूनच विभक्तीप्रत्यय लागला, अनेकवचन झाले किंवा शब्द वाढला की लांबी बदलते. फूल-फुले, मूल-मुलाला, वीट-विटा, बहीण-बहिणी, गरीब-गरिबाच्या या जोड्यांत शब्द तोच राहतो, अर्थाचा गाभा तोच राहतो आणि स्वराची लांबी मात्र स्थानाबरोबर बदलते. जे लक्षण एकाच शब्दात असे बदलत असताही शब्द तोच राहतो, त्या लक्षणाकडे कान का लक्ष देईल? मुलाचा कान आळशी नाही. मराठी ऐकण्यासाठी जे लागत नाही ते तो बाजूस ठेवतो, इतकेच.

शिक्षकास मात्र 'फूल'मधील दीर्घत्व स्पष्ट ऐकू येते. ते ऐकू येण्याचे एक मोठे कारण म्हणजे शिक्षकाने तो शब्द हजारो वेळा डोळ्यांनी पाहिलेला असतो. त्याच्या कानाला डोळ्याची साथ आहे; मुलाच्या कानाला ती अद्याप मिळालेली नाही.

संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द हा याचा दुसरा भाग होय. संस्कृतात ह्रस्वदीर्घत्व भेदक आहे. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. 'सुत' म्हणजे पुत्र आणि 'सूत' म्हणजे सारथी. 'सुर' म्हणजे देव. मराठीत हे शब्द मूळ लेखनासह आले. पण मराठी उच्चाराची रीत अशी की, बहुतेकांच्या तोंडी 'दिन' आणि 'दीन' सारखेच लांब होतात. 'गुण', 'विष', 'मधुर' या शब्दांतही लेखन ह्रस्व असून उच्चाराचा ओढा दीर्घाकडे असतो. येथे भेद कागदावर आहे, कानात नाही. असे शब्द नियमाने किंवा ऐकून साधत नाहीत. ते पाहून व लिहून लक्षात ठेवावे लागतात.

मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेल्या आणि राज्यशासनाने १९६२ साली मान्य केलेल्या लेखनविषयक नियमांकडे या दृष्टीने पाहिले तर त्यांची उपपत्ती ध्यानात येते. पूर्वी 'नाहीं', 'घरीं' असे अनुस्वार लिहीत. त्यांचा उच्चार सर्वसाधारण बोलण्यातून लोपला होता, म्हणून ते वगळले गेले. शब्दाच्या शेवटी येणारे तत्सम इकार-उकारही दीर्घ लिहावेत असे ठरल्याने 'कवि' व 'गुरु' यांऐवजी 'कवी' व 'गुरू' असे लेखन रूढ झाले. समासात मात्र 'कविमन' असे ह्रस्वच राहिले. 'आणि' व 'नि' ही अव्यये अपवाद म्हणून शिकवावी लागतात. नियमांचा हेतू लेखन उच्चाराच्या जवळ आणण्याचा असला तरी ते उच्चाराशी सर्वत्र जुळणारे नाही, हे शिक्षकाने आधी स्वतःशी मान्य केले पाहिजे.

भाषेगणिक भेद बदलतो

जे लक्षण एका भाषेत भेदक ते दुसरीत अतिरिक्त असू शकते. इंग्रजी भाषिक 'पिन' म्हणताना 'प'बरोबर श्वासाचा झोत सोडतो आणि 'स्पिन' म्हणताना सोडीत नाही. तोंडापुढे तळहात धरला तर हा फरक हातास कळतो. त्याच्या कानास मात्र तो सहसा जाणवत नाही, कारण त्याच्या भाषेत तो स्थानावरून ठरलेला आहे. म्हणून मराठी शिकताना त्याला 'टोक' आणि 'ठोक' यांतील भेद ऐकण्यास बरेच श्रम पडतात. तमिळ लिपीत क-वर्गाच्या क, ख, ग, घ या चारही ध्वनींसाठी एकच अक्षर आहे. तमिळ शब्दांत आरंभी ते अघोष आणि दोन स्वरांमध्ये घोष होते, म्हणून वेगळ्या अक्षरांची गरज भासली नाही. यात कोणत्याही समाजाच्या बुद्धीचा संबंध नाही. लहानपणी ज्या भाषेत कान घडला, त्या भाषेने ज्या भेदांवर अर्थ ठेवला तेवढेच भेद कान जागरूकपणे टिपतो.

हा विचार आपल्या देशात नवीन नाही. पाणिनीने उच्चाराचे स्थान व प्रयत्न समान असलेल्या वर्णांस सवर्ण मानले. व्याकरणपरंपरेत अकाराचे अठरा प्रकार सांगितले आहेत; ह्रस्व, दीर्घ, प्लुत या तीन मात्रा, तीन स्वराघात आणि अनुनासिक-निरनुनासिक हे दोन भेद मिळून ते होतात, आणि तरीही तो एकच अवर्ण समजला जातो. ह्रस्व 'अ' व 'आ' यांच्या उच्चारात केवळ लांबीचा नव्हे, तर तोंड कमीअधिक उघडण्याचाही फरक आहे, हे पाणिनीस ठाऊक होते. सवर्णत्वाच्या सोयीसाठी त्याने तो फरक शास्त्रापुरता बाजूस ठेवला आणि अष्टाध्यायीच्या अगदी शेवटच्या सूत्रात पूर्ववत केला. आधुनिक काळात निकोलाय त्रुबेत्स्कॉय याने भेदक विरोधांची पद्धतशीर मांडणी केली. त्याच्या निधनानंतर १९३९ साली त्याचा ग्रंथ प्राग येथे प्रसिद्ध झाला. रोमान याकोबसन, गुन्नार फांट व मॉरिस हाले यांनी १९५२ साली जगातील भाषांचे ध्वनी थोड्या भेदक लक्षणांच्या साहाय्याने वर्णिता येतात, असे प्रतिपादन केले.

घरची बोली आणि शाळेची भाषा

आता दुसरा मुलगा. त्याने 'पानी' लिहिले, कारण त्याच्या घरी 'पानी'च म्हणतात. महाराष्ट्रातील अनेक बोलींत 'ण'च्या जागी 'न' येतो. वऱ्हाडी बोलीत 'डोळा'चा 'डोया' होतो. उत्तर कोकणातील काही बोलींत 'ळ'च्या जागी 'ल' ऐकू येतो. अशा घरातून आलेल्या मुलाच्या कानात 'न' आणि 'ण' हा भेद अद्याप भेदक झालेला नाही. त्याने जे ऐकले व बोलले ते प्रामाणिकपणे लिहिले. त्याच्या बोलीचे नियमही तितकेच काटेकोर आहेत. ते प्रमाणभाषेहून निराळे आहेत एवढेच. अशा मुलाला चारचौघांत 'अशुद्ध बोलतोस' असे म्हणणे म्हणजे त्याच्या आईचे बोलणे अशुद्ध ठरविणे होय. पुष्कळ मुले याच क्षणापासून वर्गात तोंड उघडेनाशी होतात, आणि त्यांचे गप्प राहणे पुढे मंदबुद्धीत जमा केले जाते. ही हानी एका अक्षराच्या चुकीपेक्षा फार मोठी आहे.

मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंडी किंवा नंदुरबारकडील भिल्ल बोली बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर मराठी ही दुसरी भाषाच असते. तेथे शिक्षकाने प्रथम मुलांच्या बोलीकडे कान द्यावा, तिच्यात कोणते भेद आहेत व कोणते नाहीत याची स्वतःसाठी नोंद करावी आणि मग मराठीतील नव्या भेदांची ओळख करून द्यावी.

वर्गात काय करावे?

१. चुका तपासताना केवळ संख्या मोजू नये. चूक भेदक लक्षणाची, स्थानाने ठरणाऱ्या लक्षणाची की बोलीची, हे पाहून वहीच्या कडेला तशी खूण करावी. महिनाभरात प्रत्येक मुलाची अडचण कोठे आहे हे स्पष्ट होते.

२. भेदक लक्षणांसाठी जोड्यांचा खेळ घ्यावा. फळ्यावर 'घर' व 'गर', 'वाट' व 'वात' अशा जोड्या लिहाव्यात; शिक्षकांनी एक शब्द उच्चारावा व मुलांनी त्यावर बोट ठेवावे. पुढे मुलांनी उच्चारावे व शिक्षकांनी ओळखावे. आपला उच्चार दुसऱ्यास कळला की नाही हे मुलास ताबडतोब समजते, आणि तोच सर्वांत चांगला धडा होय.

३. 'न-ण' आणि 'ल-ळ' यांसाठी 'मन-मण', 'खान-खाण', 'काल-काळ', 'माल-माळ' या जोड्या घ्याव्यात. घरचा शब्द खोडू नये. 'घरी असे म्हणतो, पुस्तकात असे लिहितो' अशी दोन्ही रूपे शेजारी ठेवावीत.

४. शब्दाच्या शेवटी महाप्राण क्षीण होतो. बोलण्यात 'दूध' बहुधा 'दूद' असे ऐकू येते. अशा वेळी शब्द वाढवून पाहण्याची सवय लावावी : दूध-दुधात, वाघ-वाघाने, जीभ-जिभेला. पुढे स्वर आला की महाप्राण पुन्हा स्पष्ट होतो.

५. ह्रस्व-दीर्घासाठी 'नीट ऐका' असे म्हणू नये. फूल-फुले, वीट-विटा अशा जोड्यांचे दोन रकाने करून नियम मुलांकडूनच काढवून घ्यावा. तत्सम शब्दांची छोटी यादी भिंतीवर लावावी व ती दर पंधरवड्यास बदलावी.

६. ज्या मुलाच्या घरच्या बोलीत एखादा भेद आहे, तरीही त्यास तो वारंवार ऐकू येत नाही, त्याच्या श्रवणशक्तीची तपासणी करून घेण्याविषयी पालकांस सांगावे. 'घर' व 'गर' यांत गोंधळणारे मूल कधी कधी खरोखरच कमी ऐकत असते, आणि शेवटच्या बाकावर बसलेले असते.

अतिरिक्त लक्षणे निरुपयोगी आहेत असा मात्र याचा अर्थ नव्हे. गोंगाटात एखादे भेदक लक्षण हरवले तर अतिरिक्त लक्षणांच्या आधाराने ऐकणारा शब्द ओळखतो. परक्या माणसाचे मराठी परके वाटते तेही पुष्कळदा त्याची अतिरिक्त लक्षणे चुकल्यामुळेच. 'माझा' आणि 'माझी' यांतील 'झ' एकसारखा उच्चारला तर अर्थ कळतो, पण कान अडखळतो. प्रश्न ही लक्षणे टाकून देण्याचा नाही. ती कोणत्या मार्गाने शिकवावयाची हा आहे.

पहिल्या पाटीकडे पुन्हा पाहिले तर 'गरीबाच्या' या चुकीत एक चांगली गोष्टही दिसते. 'गरीब' या शब्दातील दीर्घ 'री' त्या मुलास ठाऊक आहे. शब्द वाढल्यावर ती ह्रस्व होते एवढे त्यास सांगावयाचे राहिले आहे. त्याला एक नियम हवा आहे. दुसऱ्याला दोन ध्वनींची ओळख आणि आपल्या बोलीचा मान हवा आहे. तिसऱ्याला कानाचा सराव, आणि कदाचित पुढच्या बाकावरची जागा हवी आहे. पाटीवरची रेघ तिघांचीही सारखीच आहे. ती ओढल्यानंतर शिक्षक प्रत्येकाशी काय बोलतात, यावर त्यांचे शिकणे अवलंबून आहे.